चिंध्यांचा तक्ता

ही वही कधी कुणी उघडलीच, तर माझं शुद्धलेखन आणि वाकडं अक्षर पोटात घाला. चौथीनंतर हातात पेन कमी आणि पीठच जास्त आलं.

आम्ही दहा जणी मिळून कडक भाकऱ्या करून विकतो. मशीन घ्यायला कर्ज हवं होतं. बँकेचे साहेब म्हणाले, कोणत्या महिन्यात कोणतं काम होणार ते पडद्यावर दाखवा, मग बघू.

आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाईंची सून कॉलेज शिकलेली. तिनं कॉम्प्युटरवर तक्ता केला. बावीस कामं, प्रत्येकापुढं रंगीत पट्टी. पण स्लाइडवर घेतला की अक्षरं मुंग्यांएवढी, आणि मोठा केला की पट्ट्या बाहेर.

"आत्या, हे मावतच नाही."

"मग घडी घाल की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मी कोपऱ्यात गोधडी शिवत होते. बोलायचा धीर होईना, म्हणून चिंध्याच फरशीवर मांडल्या. महिन्याला एक वीत. शेड, वीज, मशीन, शिकणं, विक्री. पाचच कामं, पाच रंग.

"मावशी, हलू नका," म्हणत सून स्टुलावर चढली आणि तिनं फोटो काढला. तोच स्लाइडवर लावला, शेजारी ठसठशीत नावं लिहिली.

बँकेत साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "जानेवारीत सगळ्या पट्ट्या तुटल्यात. फोटो काढताना सरकल्या का?"

साऱ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या चिंध्यांपायी कर्ज जातंय, असं वाटलं. पायाच्या अंगठ्याकडं बघत मी म्हणाले, "तवा संक्रांतीला गड्ड्याची जत्रा असती की साहेब. गवंडी येत न्हाय, वायरमन येत न्हाय. आमीबी जातो."

"मीही जातो," साहेब हसून म्हणाले. "इतके तक्ते बघितले, जत्रा कुणी धरली नव्हती. हा खरा वाटतो."

कर्ज मंजूर झालं. जिना उतरताना अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "लई बोललीस गं आज. आता वरीसभर गप बस."

त्या पाच चिंध्या मी एका जुन्या चादरीवर शिवायला घेतल्या. हप्ता भरला की एक ओळ टाके, जास्त नाही. मागच्या सोमवारी शेवटची ओळ घातली आणि दोरा तोडला. कर्ज सगळं फिटलं.