घर क्रमांक सतरा

बान नोंग क्रा हे तालुक्याच्या दफ्तरात अकरा नंबरचं गाव. पूर्वी ते ओढ्यापलीकडच्या तीन नंबरातच मोडायचं. पावसाळ्यात ओढा फुगला की इकडची माणसं महिना-महिना अडकून पडत, म्हणून सायफिनच्या वडिलांनी तालुक्याला खेटे घालून वेगळा नंबर मिळवला होता. पुढे पूल झाला. सगळ्यांनी मिळूनच मागितलेला पूल, आणि त्याच पुलावरून तरणी माणसं एकेक करून बँकॉकला गेली. सायफिन गावची प्रमुख झाली तेव्हा प्रमुखपण गाजवायला उरली होती म्हातारी माणसं आणि कुत्री.

पोटासाठी माणूस कुठेही गेला, तरी त्याचं नाव आईच्या घराच्या निळ्या पुस्तकात, म्हणजे रहिवाशांच्या सरकारी नोंदवहीत, राहायचं. नाव घरी असलं की माणूस घरचा, एवढा साधा हिशोब. सायफिनच्या पुस्तकात तिच्या खाली मुलाचं, वितूनचं नाव होतं. एकटी जेवायला बसली की ती कधीकधी ते पान उघडून बघायची.

आता अकरा नंबर पुन्हा तीन नंबरात विलीन व्हायचा होता. त्याआधी गावात न राहणाऱ्यांची नावं कमी करा, असं तालुक्याचं पत्र आलं. वितूनही महिनाभर फोन करत होता. मुलीच्या शाळेसाठी त्याला स्वतःचं नाव बँकॉकच्या घराच्या पुस्तकात न्यायचं होतं, मुदत आठवड्यावर आली होती. सायफिनने त्याला पुस्तक तालुक्यात अडकलंय म्हणून सांगितलं होतं. पुस्तक तिच्या उशाशीच होतं.

विहाराच्या मंडपात तालुक्याच्या अधिकारी बाई यादी घेऊन बसल्या. सायफिन एकेका घराचा क्रमांक आणि बाहेर गेलेल्यांची नावं वाचायची आणि प्रमुख म्हणून सांगायची, राहत नाही. तिने कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. शेजारच्या बुआलायमावशीचे तिन्ही मुलगे एका दमात खोडले गेले. म्हातारीने मान खाली घातली, पण हूं की चूं केलं नाही. मग सायफिनचं स्वतःचं घर, सतरा नंबर आला.

"वितून राहतो इथे?" बाईंनी विचारलं.

"राहतो," सायफिन म्हणाली.

बाई म्हणाल्या, "मग आज दिसले नाहीत ते?"

तेवढ्यात बुआलायमावशी बोलली, "शेतावर गेलाय हो. आत्ताच माझ्या दारावरून गेला. भाताची टोपली विसरलाय मेला, मीच नेऊन देते."

सायफिनने तिच्याकडे पाहिलं. आपली तीन मुलं खोडली जाताना जी तोंडातून शब्द काढत नव्हती, ती दुसरीच्या मुलासाठी खोटं बोलत होती. सायफिनला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोडा बाई," ती म्हणाली. "चौदा वर्षं झाली, तो इथे राहत नाही."

घरमालक म्हणून एक आणि गावची प्रमुख म्हणून एक, अशा दोन सह्या तिने केल्या. वितूनला फोन करून नाव काढल्याचं कळवलं. "सुटलो गं आई," तो म्हणाला. कामावर होता, जास्त बोलला नाही.

परतताना मावशी वाटेत थांबली.

"पोरी, आता ही मुलं सणाला आली, तर पाहुणी म्हणायची का गं?"

सायफिन मावशीचा हात धरून चालत राहिली.