डेट्रॉइट ते नागपूर, चौदा तास

"ताई, तुमच्या साइटवर चौदा तास लिहिलंय. मग चौदा तासांचं तिकीट का मिळत नाहीये?" श्रीकांतनं फोनवर विचारलं.

श्रीकांत आमच्या ओळखीतला. मूळचा नागपूरचा, इथे डेट्रॉइटजवळ ॲन आर्बरला रिसर्च करतो. सकाळीच त्याची आई गेल्याचा फोन आला होता. "कधी पोचतोस?" काकांनी विचारलं. भांबावलेल्या मुलानं इंटरनेटवर शोधलं, पहिलं आमचंच पान आलं, आणि "उद्या संध्याकाळपर्यंत" असं त्यानं सांगून टाकलं. अग्नी मुलगाच देणार, तो येतोच आहे, म्हणून काकांनी आईला हॉस्पिटलच्या शवागारात न ठेवता बर्फावर घरी आणलं. नागपूरचा मे महिना! आणि तिकीट निघालं ते दोनदा विमान बदलून परवा सकाळी पोचणारं.

मी डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉय गावातल्या एका ट्रॅव्हल वेबसाइटवर टेस्टर आहे. चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. ही चूक मी हिवाळ्यातच शोधली होती. आमचं पान दोन शहरांमधलं सरळ अंतर मोजतं आणि विमानाच्या सरासरी वेगानं भागतं. झाला 'फ्लाइट टाइम'. असं विमान कुठून सुटतच नाही, ही गोष्ट त्या पानाच्या गावीही नाही.

तेव्हा निखिलनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, माझी तक्रार क्लोज केली होती. "अगं, एस्टिमेट आहे ते. खाली छोट्या अक्षरांत लिहिलंय ना? खरा टाइम दाखवला तर लोक घाबरून पान बंद करतील यार."

घरचे आणखी थांबू शकले नाहीत. श्रीकांतच्या धाकट्या बहिणीनं अग्नी दिला. श्रीकांतनं ते वाटेत दोहाच्या विमानतळावर, फोनच्या स्क्रीनवर पाहिलं.

मी तडक निखिलच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं.

"सो सॅड," तो म्हणाला. "पण टेक्निकली आपलं कॅल्क्युलेशन करेक्ट आहे."

माझं डोकंच फिरलं. "दिवाळीत तू मुंबईला गेलास. कधी पोचतोस ते आईला आपलं पान बघून सांगितलंस?"

"नाही. तिकीट बघून."

"का?"

त्यानं लॅपटॉप उघडला आणि माझी जुनी तक्रार पुन्हा ओपन केली. आता त्या पानावर खरोखर मिळणाऱ्या सगळ्यात लवकरच्या प्रवासाची वेळ दिसते, थांब्यांसकट. पान बंद करणारे लोक वाढले म्हणून निखिल अजून कुरकुरतो. करू दे.

या धंद्यात आकडा बरोबर आहे का, एवढंच तपासून भागत नाही. तो वाचून कोणीतरी घरी शब्द देणार असतं.

श्रीकांत परतल्यावर त्याचा फोन आला. तो चिडेल, असं मला वाटलं होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "ताई, मी 'उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो' म्हणालो, ते तुमच्या साइटमुळे, हे काकांना तुम्ही सांगाल का? माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये."