पाचनईला सांगितलेलं जेवण

बासष्टाव्या वर्षी, दुखरा गुडघा घेऊन हरिश्चंद्रगड म्हणजे नसती उठाठेव, असं संगमनेरला शेजाऱ्यांनी ऐकवलं. त्याचाच राग येऊन मी निघालो, हे कबूल करतो.

राजूरहून जीपने पाचनईला उतरलो. पायथ्याच्या घरापुढे, ट्रेकर्सना जेवण करून देणाऱ्या ताराबाईंनी हटकलं. इथे गडावर जाणारा आधी जेवण सांगून जातो (किती माणसं, किती वाजता, ते कळवतो).

"किती मानसं, बाबा?"

"एकटाच. तीनपर्यंत येतो."

"एकलंच? सांबाळून जावा."

केदारेश्वराच्या लेण्यात कमरेइतकं पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग. चार खांबांतला एकच धड उभा. पाण्यात पाय टाकताच मी चक्क ओरडलो, इतकं ते गार. तरी प्रदक्षिणा पुरी केली. गुडघा बधिर होऊन दुखायचा थांबला. मग काठावर कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. फार बरं वाटलं.

उठलो तर गुडघ्याने मागची सगळी कसर भरून काढली. तिथे पुण्याची चार पोरं भेटली.

"काका, आम्ही पलीकडच्या बाजूने खिरेश्वरला उतरतोय. गाडी आहे, आळेफाट्याला सोडतो."

आळेफाट्याहून संगमनेरची एसटी सरळ मिळते. मी आनंदाने त्यांच्यासोबत निघालो. अर्ध्या तासाने ताराबाईंची भाकरी आठवली. फोनला रेंज नव्हती. एका ताटाने काय अडणार आहे, असं म्हणत थोडा पुढे गेलोही. पण मन खायला लागलं. पोरांचा निरोप घेतला आणि स्वतःवर चरफडत मागे फिरलो.

पाचनईची वाट निम्मी उतरेपर्यंत पाच वाजत आले. खालून काठी टेकत कुणीतरी चढत होतं. ताराबाईच. हातात पाण्याची बाटली.

"कुठं गेल्ता? उतरनाऱ्या समद्यांना इचारलं, कुनी बगितलं न्हाई म्हनत्यात!"

"जेवणासाठी एवढं वर आलात?"

"जेवनाचं काय घिऊन बसलाय? जेवन सांगितलेला मानूस आमी मोजलेला असतो. तो खाली येईस्तोवर जिवाला चैन न्हाई पडत."

खिरेश्वरचं मी बोललोच नाही. लाज वाटली. खाली येऊन पिठलं-भाकरी खाल्ली, तोवर त्या माझ्यावर रागाने बडबडतच होत्या.

दुसऱ्या दिवशी संगमनेरला घराचं कुलूप काढताना त्यांची ती बडबड पुन्हा ऐकू आली. मी एकटा राहतो. उशीर झाला म्हणून माझ्यावर कुणी रागावल्याला किती वर्षं झाली, ते मला काही केल्या आठवेना.