शुक्रवारच्या पुऱ्या

बुधवारी दुपारी हुकूम आला. भीमेला पूर आला होता, कलबुर्गी जिल्ह्यातली नदीकाठची गावं पाण्यात होती आणि आमच्या इंजिनियर पलटणीतून बोटींसह एक तुकडी रवाना व्हायची होती. मी हवालदार, एका बोटीचा कमांडर. माझ्या बोटीवर दोघे जण होते. लान्स नायक देवदास पलटणीतला सगळ्यात चांगला पोहणारा. मॅथ्यू केरळचा, बोटीची मोटार तो चालवायचा. मी भालकी तालुक्यातल्या मेहकरचा, देवदास बिदरजवळच्या जनवाड्याचा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच आम्ही दोघे आपल्या मुलखाकडे निघालो होतो, तेही त्याला वाचवायला.

आम्ही तिघे ख्रिस्ती. पीटीच्या आधी छावणीतल्या सर्वधर्म स्थळाच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक प्रार्थनागृहाच्या, मागच्या पायरीवर रोज जमायचो. एक उतारा वाचायचा, मग ज्याने त्याने काल आपण कुठे चुकलो ते सांगायचं, मग प्रार्थना. जे ऐकलं ते तिथेच सोडायचं. मॅथ्यू हिंदीत सांगायचा आणि रडायचा. देवदासचा गुन्हा बहुतेक एकच असायचा, लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या भटारखान्याच्या, स्वयंपाक्याशी भांडण. माझी प्रार्थना लांबायची.

"अण्णा, आवरा की," देवदास डोळे मिटूनच म्हणायचा. "देव थांबतो. सुभेदार साहेब थांबत न्हाईत."

या पायरीवर आम्ही घडलो असं मी आजही मानतो. तिथे येण्याआधी मी दारू पीत होतो. ती तिथे सुटली.

शुक्रवारी देवदास उपास करायचा, संध्याकाळपर्यंत. उपास माणसांना दाखवायचा नाही, ही शिकवण त्याने अक्षरशः घेतली होती. ताट न घेतलं तर लंगरमध्ये चौकशी होते, म्हणून तो ताट घ्यायचा, आमच्यामध्ये येऊन बसायचा आणि त्याच्या वाट्याचं मी आणि मॅथ्यू खायचो. दर शुक्रवारी. आम्हाला त्यात भावाचं काम केल्याचं समाधान वाटायचं.

गुरुवारी पहाटेपासून आम्ही बोट चालवत होतो. छपरांवरून, झाडांवरून माणसं काढली, शेरडं काढली. त्या रात्री झोप जवळजवळ नव्हतीच. शुक्रवारी सकाळी लंगरच्या ट्रकवर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आली. देवदासने ताट घेतलं आणि आमच्यामध्ये बसला. मी त्याच्याकडे पाहिलं.

"काय अण्णा, कामून बघायलात?"

"आज काम जड हाय."

"रोजच हाय की."

त्याच्या पुऱ्या आम्ही खाल्ल्या.

साडेनऊच्या सुमारास आम्हाला नदीकाठच्या एका गावातल्या शाळेकडे पाठवलं. एकमजली जुनी इमारत, गच्चीवर माणसं, पाणी खिडक्यांच्या वर. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला, भिंतीला लागता लागता मोटार बंद पडली. शाळेच्या कुंपणाची तार पाण्याखाली होती. ती पंख्याला गुंडाळली होती. मोटार वर उचलायला गेलो तर उचलेना. तारेचं दुसरं टोक खाली खांबात पक्कं होतं. बोट दावणीला बांधल्यासारखी जागीच अडकली आणि पाणी वाढेल तसा तिचा मागचा भाग खाली ओढला जाऊ लागला.

मी वायरलेस उचलला. "ब्राव्हो, मी ब्राव्हो थ्री. प्रोपेलर तारेत अडकला आहे. गच्चीवर अकरा माणसं. दुसरी बोट पाठवा. ओव्हर."

"ब्राव्हो थ्री, सगळ्या बोटी लांब आहेत. किमान एक तास. थांबा. ओव्हर."

आम्ही गच्चीवर चढलो. एक म्हातारे अप्पा कठड्याला टेकून बसले होते. मला मराठी येते म्हटल्यावर म्हणाले, "उन्हाळ्यात टँकर मागितला तर दोन महिने आला न्हाई. आता बघा, किती पाणी दिलंय सरकारनं!" सगळे हसले. देवदासही हसला. मॅथ्यूने खिशातले शक्करपारे काढले आणि सगळ्यांना वाटले. देवदासने आपल्या वाट्याचे हातात घेतले आणि शेजारच्या बाईच्या ओंजळीत टाकले. मग उठताना त्याने कठड्याचा आधार घेतला. ते मी पाहिलं, मॅथ्यूनेही पाहिलं. मॅथ्यू माझ्याकडे बघत राहिला. मी कमांडर होतो. "खा" हा एक शब्द पुरेसा होता, माझा हुकूम त्याने कधी मोडला नव्हता. पण सगळ्यांसमोर तो शब्द उच्चारणं म्हणजे त्याचा उपास उघडा करणं, असं मला वाटलं. मी गप्प राहिलो.

तेवढ्यात शाळेच्या मागच्या खोलीची भिंत बसली. गच्चीला पायाखाली हादरा जाणवला. बायका ओरडल्या. आता तासभर थांबता येणार नव्हतं.

"तार तोडून येतो," देवदास म्हणाला.

त्याच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक मी धरलं. वायर कटर घेऊन तो बोटीच्या मागे उतरला. पहिल्यांदा वर आला तेव्हा म्हणाला, "दोन पदर हायेत. एक तुटला." दुसऱ्यांदा बराच वेळ लागला. वर आला तो बोटीच्या कडेला धरून नुसता श्वास घेत राहिला. ओठ निळे पडले होते.

"वर ये," मी म्हणालो. "मॅथ्यूला पाठवतो."

"त्याला धड पोहता कुठं येतंय? पाण्यात पडला तर त्यालाच काढायला लागंल." तो हसला. "थोडंच राह्यलंय, अण्णा."

तिसऱ्यांदा तो गेला आणि बोट एकदम उसळून मोकळी झाली. मी दोर ओढला. दोर ताठ झाला, पण आला नाही. खाली कुठेतरी तारेत अडकला होता. मॅथ्यू आणि मी दोघांनी मिळून ओढला. मग मी कटर नसताना उडी मारली, दोर चाचपडत खाली गेलो, हाताने तार बाजूला केली. त्याला वर आणलं तेव्हा त्याचा श्वास बंद होता.

मॅथ्यूने पंख्यावरचे तारेचे तुकडे काढले आणि मोटार सुरू केली. अकराही माणसं दोन फेऱ्यांत बाहेर काढली. पहिल्या फेरीत बोटीच्या तळाशी मी देवदासची छाती दाबत होतो. किनाऱ्यावर डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. बुडून मृत्यू, अतिश्रम, असं त्यांनी लिहिलं. उपासाचं त्यांना माहीत नव्हतं. पोटात अन्न असतं तर तो वाचला असता का, हे मला आजही माहीत नाही. कोणीच सांगू शकत नाही. त्यातून सुटका नाही.

जनवाड्याला इतमामाने दफन झालं. देवदासच्या आईने मला बाजूला घेतलं.

"माझं लेकरू जेवलं होतं का रे?"

"व्हय, मावशी. पुऱ्या खाल्ल्या होत्या."

निवृत्त होऊन मी बिदरला मैलूर भागात घर केलं. तिथे आम्ही काही पुरुष पहाटे जमतो. एक रिक्षावाला आहे, एक कंपाउंडर, एक वीजखात्यातला लाइनमन. वाचन, कबुली, प्रार्थना, तीच शिस्त. रोज इतरांच्या चुका ऐकायच्या आणि आपली ही एक गिळून टाकायची. गेल्या पावसाळ्यात ते असह्य झालं. मी जनवाड्याला गेलो.

मावशी अंगणात तुरी निवडत होती. मी सगळं सांगितलं. पुऱ्या कोणी खाल्ल्या तेही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"उपास मीच शिकवला त्याला," ती म्हणाली. "पण कुणाच्या रानात खुरपायला जायचं असलं की मी भाकर खाऊन जात होते. अंगमेहनतीच्या दिवशी देव मागत न्हाई. त्याला ठाऊक असंल असं वाटलं. तेवढं सांगायचं राहूनच गेलं बघ."

ती उठली, पदर झटकला आणि मला कबरस्तानात घेऊन गेली. दगडावर नाव, हुद्दा आणि पलटण आहे. मी टाचा जुळवल्या, सॅल्यूट केला आणि सावधानमध्येच उभा राहिलो.

"खाली बस की त्याच्यापाशी," मावशी म्हणाली. "किती येळ असा उभा राहशील?"

मी बसलो.