दत्तूभाऊंचे तीन मिस्ड कॉल

महिना उलटला, तरी मी अजून भानावर नाही. त्या दिवशी बारामतीत माझं नेतृत्व प्रशिक्षणाचं सत्र चालू होतं. सगळ्यांचे फोन दाराशी पाटीत, आवाज बंद; नेत्यानं आधी ऐकायला शिकावं म्हणून हा नियम मीच केलेला. जेवणाच्या सुट्टीत फोन उचलला, तर दत्तूभाऊंचे तीन मिस्ड कॉल. परत लावला तेव्हा त्यांच्या शेजारचा रफिक बोलला, “सर, दत्तूभाऊ गेलं... दवाखान्यात नेताना, गाडीतच.” सकाळी फोन करणारा माणूस दुपारी नसतो, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

दत्तूभाऊ लासुर्ण्याचे ऊस बागायतदार, दहावी नापास. त्या दिवशी शेवटच्या तासाला तेच बोलणार होते. ओळखी कशा जोडाव्यात हे शिकवताना मी फळाभर बाण काढायचो. लग्नकार्यात मी पुढच्या खुर्चीवरून पुढाऱ्यांना व्हिजिटिंग कार्डं द्यायचो, तेव्हा हे गृहस्थ मागं आचाऱ्यापाशी भाताचं घमेलं घेऊन उभे. जेवायचे शेवटच्या पंगतीला. एकदा मी चिडवलं, “भाऊ, एवढी माणसं आलीत, जरा ओळखी करून घ्या की!”

“सर, हार घेणाऱ्याला लोक वळखत्यात,” ते म्हणाले, “पर खरकटं उचलणाऱ्याला इसरत न्हाईत.”

मी हसलो, आणि पुढच्या सत्रात ते वाक्य खुशाल स्वतःच्या नावावर खपवलं. त्यांच्या मातीला पार भवानीनगरपासूनचे आचारी, वाढपी आले होते. माझ्या फोनमधल्या तीन हजार नंबरांपैकी किती येतील, असा विचार तिथंही मनात आला, याची लाज वाटते.

पण खरा काटा वेगळाच होता. भाऊंनी जीव जाताना मला हाक मारली आणि मी ऐकली नाही... रोज हेच. परवा धीर करून भाऊंच्या बायकोपुढं, शांतावहिनींपुढं, हे बोललो.

“न्हाय वो सर. छातीत कळ आली तसा पैला फोन रफिकला केला, गाडी घिऊन ये म्हनून. तुमाला गाडीत बसल्यावर लावला. यायला जमत न्हाय, पोरं उगं ताटकळतील, एवढंच सांगायचं हुतं त्यास्नी.”

सुटलो, असं वाटायला हवं होतं. बारामतीहून लासुर्णं लांब, मी वेळेत पोचलो नसतो, हे मलाही कळतं. पण पंधरा वर्षांच्या मैत्रीत, जिवावर बेतल्यावर बोलवायच्या माणसांत मी नव्हतोच. मी कळवायच्या माणसांत होतो.