शून्यं, किलो आणि शनिवार

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पंपांचे भाग तयार होतात, आणि त्याहून जास्त किस्से! ऑफिसातलं एक्सेल माझ्याकडं. आकडा कसा दिसावा हे जिथं ठरवतात, त्या ‘फॉरमॅट सेल्स’च्या एका खिडकीनंच मला किती हसवलंय!

आमचे स्टोअरकीपर माने मामा फौजेतून रिटायर झालेले. एकदा तावातावानं आले. “००७४२ टाकलं, तर नुसतं ७४२ दिसतंय. माझी दोन शून्यं कुणी उचलली रं?” मी फॉरमॅटमध्ये पाच शून्यं घातली. मामांनी नुसता आठ दाबला, तर ००००८ उमटलं. मामा ताठ झाले. “ह्याला म्हंत्यात शिस्त! एकटा आठ बी चार गडी घिऊन आला!”

क्वालिटीच्या शिंदे मॅडम प्रत्येक वजनापुढं हातानं ‘किलो’ टाइप करायच्या. एक्सेलच्या लेखी ते आकडेच उरले नाहीत, बेरीज आली शून्य! भरलेला ट्रक गेटवर उभा. ड्रायव्हर म्हणाला, “मग गाडीत काय हवा भरलीया व्हय?” मी सगळे ‘किलो’ पुसले आणि फॉरमॅटमध्ये टाकले. बेरीज आली, ट्रक सुटला.

“पण किलो दिसतंय की अजून!” मॅडम म्हणाल्या.

“दिसतंय, पण आत नाहीये.”

मामा हळूच म्हणाले, “साहेबांच्या रागावानी!”

तब्येत तपासणीचं शिबिर झालं. सगळ्यांची वजनं बोर्डावर लागणार होती. मॅडम म्हणाल्या, “माझं तेवढं लपव ना!” फॉरमॅटमध्ये तीन अर्धविराम दिले की आकडा गायब. दिले. झालं उलटंच, जो तो मॅडमचंच वजन विचारायला लागला! मग एकेक जण माझ्याकडं, “माझं बी लपीव गड्या.” शेवटी बोर्डावर नुसती नावं राहिली. साहेबांचंसुद्धा नुसतं नावच!

आणि कॅन्टीनच्या ताराबाई मावशी. आटपाडीकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. ओळखपत्रासाठी मी जन्मतारखा भरत होतो. तारखेवरून वार दिसेल असा फॉरमॅट लावला, तर मावशी चहाचा ट्रे ठेवून उभ्याच राहिल्या.

“माजा कुठला वार, बघ की रं.”

एक जून. गुरुवार निघाला.

मावशींचा चेहरा उतरला. “न्हाई रं. आई मेंढरं घिऊन बाजाराला निघाल्ती, वाटंतच मी झाले. बाजार शनिवारचा.”

“मावशी, एक जून शाळेत मास्तरांनी लिहिली असणार. खरी तारीख कुठली?”

“ती कुणाला ठावं?”

मी फॉरमॅटच्या चौकटीत अवतरणचिन्हांत ‘शनिवार’ लिहिलं आणि एंटर दाबलं. आत तारीख तीच, वर दिसायला शनिवार.

मावशींनी पदरानं डोळे पुसले, स्क्रीनजवळ वाकून एकेक अक्षर लावून वाचलं, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बगा! माजी आई खोटं कशाला सांगंल?”