गाळलेली साक्ष

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आमच्या पास्टरांना सांगितलेलं नाही, आणि खरं बोलायचं तर डोळे मिटून प्रार्थनेतही कधी नीट उच्चारलेलं नाही. तिथेही मी ‘प्रभू, माझ्या चुका पोटात घाल’ असं मोघम म्हणते आणि पुढे सरकते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. ओळखत असतात तर हेही मोघमच सांगितलं असतं.

आधी एक सांगते — मी काही वाईट बाई म्हणून प्रसिद्ध नाही. उलटंच आहे. बीदरच्या आमच्या चर्चमध्ये कुठलंही काम निघालं की कामाच्या आधी ‘अक्का करतील’ हे वाक्य निघतं. नाताळाआधी पडदे धुवायचे? अक्का करतील. दवाखान्यात आजाऱ्यांसाठी प्रार्थनेला जायचंय? अक्का आहेत की. संडे स्कूलच्या मुलांची गाणी, पाहुण्या पास्टरांचा चहा, शिट्ट्या मारणारा तो मेला माइक — सगळं अक्का. स्वतःहून सेवा करणारे म्हणून आम्ही पंधरा-वीस जण उभे राहतो आणि प्रत्यक्ष सतरंज्या झटकायला मी आणि अजून एखादी. मला याचा वैताग यायचा. अजून येतो. पण नाही म्हणायची छाती नव्हती, आणि — हेही सांगून टाकते — सगळे आपल्यावाचून अडतात, याचं बरंही वाटायचं.

यातलं सगळ्यात जिवावर येणारं काम दुभाष्याचं. आमची उपासना कन्नडमध्ये. पण हुलसूरकडच्या गावांतून कामधंद्यासाठी इथे बीदरच्या मैलूर भागात येऊन राहिलेली बरीच मराठी कुटुंबं आमच्या मंडळीत आहेत. त्यांचे पुरुष बाजारात कन्नड शिकतात, पोरं शाळेत शिकतात, थोरल्या बायकांची गाडी मात्र ‘ऊटा आयता’च्या, म्हणजे जेवण झालं का, याच्या पुढे सरकत नाही. माझं माहेर हुलसूरचं आणि सासर पक्कं कन्नड. मग दुसरं कोण सापडणार? उपदेश मी मराठीत सांगायचा, आणि मराठी बायकांनी साक्ष दिली की ती कन्नडमध्ये.

साक्ष म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. कुणाचं कुणाशी बिनसलं असेल तर तेही याच वेळी मिटवायचं, कारण मनात तेढ ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यातही रीत अशी, की माफी मागणाऱ्यानं समोरच्याचं नाव घ्यायचं नाही. ‘एका भावाचा’, ‘एका बहिणीचा’ एवढंच म्हणायचं आणि उभं राहायचं. ज्याची मागितली त्यानं जागेवरून उठून यायचं आणि हात हातात घ्यायचा. बोलायचं काही नाही. झालं, मिटलं.

रीत चांगली आहे. पण साक्ष देणारी सुशीलामावशी असेल तर?

सुशीलामावशी हुलसूरजवळच्या एका खेड्यातली. विधवा, मुलाच्या टेम्पोच्या धंद्यापायी मैलूरला आलेली. साक्षीला उभी राहिली की गुडघ्यापासून सुरू करायची. मग मुलाचा टेम्पो, मग गावाकडची म्हैस, मग पुन्हा गुडघा. मध्ये थांब म्हटलं तर थांबायची नाही, त्यामुळे तिचं सगळं संपल्यावर मला एकदम सांगावं लागायचं. सुरुवातीला मी इमानदारीनं म्हशीसकट सांगायची. एकदा कंटाळून म्हटलं, “बहीण तब्येतीसाठी प्रभूचे आभार मानते आणि मुलासाठी प्रार्थना करा म्हणते.” एवढंच! लोक हसले, ‘आमेन’ म्हणाले. बाहेर पडताना पास्टर म्हणाले, अक्का, आज छान आटोपलंत. त्या दिवसापासून मला कात्री चालवायची चटक लागली. कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. ज्यांना दोन्ही भाषा येतात ती माणसं पहिल्यांदा ऐकतात आणि दुसऱ्यांदा खोकतात, पदर सारखा करतात, पोराला दटावतात. माझं कन्नड ऐकत होते ते फक्त मराठी न कळणारे. आणि त्यांचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास.

त्यांच्यातलीच एक रत्नम्मा. जेवर्गीकडची, कलबुर्गीच्याही खालच्या अंगाची. प्रीतिभोजनाचं, म्हणजे सणाला चर्चच्या आवारात जे सगळ्यांचं जेवण होतं त्याचं, स्वयंपाकघर तिच्या हातात. तिची आणि सुशीलामावशीची जोडी बघण्यासारखी होती. एकीला मराठी येत नाही, दुसरीला कन्नड येत नाही, आणि दोघी एका चुलीपाशी दिवस काढायच्या. एक म्हणायची पुंडी, दुसरी म्हणायची अंबाडी, आणि भाजी एकच शिजायची. मला बोलवायची त्यांना कधी गरज पडली नाही.

ही जोडी फुटली ती एका डब्यावरून. एका नाताळाला पंगत बसायच्या आधीच रत्नम्मा स्टीलचा डबा पदराखाली धरून मागच्या दारानं निघालेली सुशीलामावशीला दिसली. मावशीच्या पोटात काही राहत नसे. तिनं ते एकीला सांगितलं, त्या एकीनं चौघींना, आणि संध्याकाळपर्यंत रत्नम्मा चर्चचं मटण घरी नेते असं सगळीकडे झालं. रत्नम्मानं खुलासा केला नाही की भांडण केलं नाही. चुलीवरचा हात काढून घेतला आणि पुढच्या सणाला स्वयंपाकघराकडे फिरकलीच नाही. दोघींचं बोलणं — जे काही होतं ते — बंद झालं.

यानंतर कधीतरी मावशीला कळलं की तो डबा आवाराच्या मागं राहणाऱ्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसाठी जात होता, आणि दर सणाला जात होता. तिला कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे की कापणीच्या सणाला ती साक्षीला उभी राहिली.

तो दिवस कसा होता ते सांगते — सबब म्हणून नाही, तसं वाटलं तर वाटो. कलबुर्गीहून आलेल्या पाहुण्यांचा उपदेश लांबला होता. बाहेर भात निवत होता. कणसं, भोपळे, कोंबड्या असं लोकांनी अर्पणाला आणलेलं सगळं वेदीपाशी पडलं होतं, आणि त्यातली एक कोंबडी सुटून बाकांखाली फिरत होती. माइक शिट्टी मारत होता. पाहुण्यांची बस चुकणार म्हणून पास्टर माझ्याकडे बघून हात फिरवत होते, आटपा, आटपा. आणि सुशीलामावशीनं गुडघ्यापासून सुरुवात केली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी ऐकत होते. ऐकलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही. गुडघा झाल्यावर ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “म्या एका भैनीवर आळ घेतला. डोळ्यानं काय बी बघितलं न्हवतं, निस्ता डबा बघितला. ती उपाशी माणसाला घास द्यायलती आन म्या तिला नाव ठिवलं. माज्या जिबेला हाड न्हाई. तिच्या म्होरं मला उभं राहू वाटंना. तिनं हात दिला तर म्या प्रभूच्या मेजाशी जाते, न्हाई तर न्हाई.”

डबा हा शब्द रत्नम्माला कळला असावा. पुढच्या बाकावरून तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं — मावशीकडे नाही, माझ्याकडे.

मी काय विचार केला? केला तरी का? आता हे सांगितलं तर रत्नम्मा रडेल, मग मावशी रडेल, मग चार बायका गळ्यात पडतील, पास्टर त्यावर प्रार्थना करतील, आणि अर्धा तास गेला. ह्यांना माफ्या मागायला आजचाच दिवस सापडला का? घरी जाऊन मागता येत नाही? आणि मी माइकमध्ये म्हटलं, “बहीण तब्येतीसाठी प्रभूचे आभार मानते आणि मुलासाठी प्रार्थना करा म्हणते.”

आमेन, सगळे म्हणाले. रत्नम्माही म्हणाली. मान खाली घातली.

मावशी उभी होती. उजवा हात पोटापाशी जरासा पुढे धरलेला. ती वाट बघत होती. कन्नडवाल्यांना वाटलं म्हातारीला आणखी काही सांगायचंय, कुणीतरी उसासा टाकला. मग मी — मीच — म्हटलं, “बसा, मावशी.”

ती बसली.

जेवताना रत्नम्माच्या कानावर घालू, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण जेवताना काय सांगणार होते? की मगाशी सगळ्या मंडळीसमोर मी खोटं बोलले? पाहुणे तर जाताना माझी तारीफ करून गेले होते. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढचा रविवार आला तेव्हा ते आणखी अवघड झालं होतं, आणि त्याच्या पुढच्याला त्याहून. तुम्हाला माहीत असेल हे कसं होतं. नसेल तर फार बरं आहे.

यानंतर मराठी बायका म्हणायला लागल्या, रत्नम्माचं काळीज दगडाचं, म्हातारीनं भर चर्चमध्ये माफी मागितली तरी उठली नाही. कन्नड बायका म्हणायच्या, सुशीला माजोरी, एवढा आळ घेतला आणि वर तोंड करून साक्ष देते, तीही गुडघ्याची. दोन्हीकडचं मला एकटीलाच ऐकू येत होतं. एकदा आमच्यातल्याच एकीनं रत्नम्माला तोंडावर विचारायचं ठरवलं. मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि मोठ्या शहाणपणाचा आव आणून समजावलं की झालं गेलं उकरू नये, प्रभूवर सोपवावं. हो, प्रभूचं नाव घेतलं मी. प्रीतिभोजनाला दोन चुली पेटायला लागल्या, मराठी बायकांची भाताची आणि कन्नड बायकांची कालवणाची, आणि नव्या सुनांना वाटतं ही आमची जुनी पद्धतच आहे.

मावशी दर रविवारी येत राहिली. पण प्रभुभोजनाला सगळे उठले की ती सतरंजीवर बसून राहायची. एकदा मी पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्तानं जवळ गेले तर म्हणाली, “तिनं हात दिला न्हाई की वो अक्का. मी कसं जाऊ?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. मोडक्यातोडक्या हिंदीत ती रत्नम्माशी बोलू शकली असती, तुम्ही म्हणाल. भाजीचा भाव विचारण्याइतकी हिंदी दोघींना होती. पण जी बाई भरल्या चर्चमध्ये उठली नाही तिच्या दारात पुन्हा कोण जाईल? मावशी मरेपर्यंत मेजाशी गेली नाही. इतकी वर्षं! दर वेळी मी पाहत होते, आणि दर वेळी चिडत होते — स्वतःवर नाही, तिच्यावर. काय ही म्हातारीची अढी, जाऊन घ्यावा की घास, एवढं कशाला धरून बसायचं?

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. पेटी चर्चमध्ये आणली तेव्हा रत्नम्मा काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, मला दोन शब्द बोलायचेत. मी माइकपाशी होतेच. ती कन्नडमध्ये बोलली आणि मी मराठीत सांगितलं, वाक्यामागून वाक्य. “हिनं माझ्यावर आळ घेतला होता. हिनं एकदाही माफी मागितली नाही. मी पुष्कळ वाट पाहिली. आज मी हिला न मागता माफ करते.” त्या दिवशी मी एक शब्दही गाळला नाही. इतकं चोख मी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

मग रत्नम्मानं पेटीत हात घातला आणि मावशीचा हात हातात धरला.

मावशीची मुलगी मंगल कापणीच्या सणाला आईशेजारीच बसली होती. माती देऊन परतताना तिनं मला फाटकापाशी गाठलं.

“अक्का, माफी न्हाई मागितली म्हणून कामून म्हणलं तिनं? आईनं मागितली व्हती की. तुमीच सांगायलता कन्नडात.”

“सांगितलं होतं,” मी म्हटलं.

मंगल म्हणाली, “व्हय. मंग रत्नम्माला ऐकू आलं नसंल,” आणि माझा हात हातात घेऊन दाबला, आईसाठी एवढं केलंत म्हणून.

रत्नम्मा अजून येते. पुढच्याच बाकावर बसते, आणि मी बोलायला लागले की नीट ऐकू यावं म्हणून काठीवर पुढे वाकते. परवाच्या रविवारीही वाकली होती. मराठीतली एक साक्ष होती, लांबलचक, आणि मी ती कन्नडमध्ये सांगितली.